फ्लोरिंडाची माती

सुट्टीचे दोनच दिवस उरले होते, आणि आईला बोटीवर आणून आपण चूक केली हे नॉन्कोसी गुमेडेला एव्हाना पटलं होतं.

बजाबुलिलेने डर्बनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मोठमोठाली पातेली ढवळली होती. ती निवृत्त झाली तेव्हा लेकीने हौसेने सहा रात्रींची समुद्रसफर ठरवली. आई, आपण आणि आपली अकरा वर्षांची लेक मिनेन्हले. शुक्रवारी दुपारी चार वाजता बोटीने धक्का सोडला, आणि त्याच क्षणी कठड्याशी उभी असलेली बजाबुलिले मटकन खाली बसली.

"कुणीतरी माझ्या अंगातून अर्धं काढून नेलं गं," एवढंच म्हणाली.

बोटीवरच्या डॉक्टरने समुद्र लागलाय म्हणून गोळी दिली. पण तेव्हापासून तिची भूक गेली ती गेलीच. ताटापुढे बसायची, चमच्याने अन्न इकडचं तिकडे करायची, आणि अर्ध्यातच उठायची.

रविवारी सकाळी मिनेन्हले धावत खोलीत आली आणि दारातच थबकली.

"आजी, तू इथे कशी? आत्ता तर वर डेकवर होतीस. पिवळा रुमाल बांधून. मी एवढ्या हाका मारल्या, वळूनसुद्धा बघितलं नाहीस!"

"ऊन डोक्यात गेलंय तुझ्या," नॉन्कोसी म्हणाली. आई सकाळपासून अंथरुणातून उठली नव्हती. पिवळा रुमाल तर तिच्याकडे नव्हताच.

मंगळवारी बोट मोझांबिकमधल्या मापुतोला लागली. उतरल्या उतरल्या झेफानियास नावाचा रिक्षावाला गळ्यात पडला. डर्बनमध्ये नऊ वर्षं गवंडीकाम केलेलं, त्यामुळे या तिघींची झुलू भाषा अगदी फर्डी बोलायचा. घुमटाचं रेल्वे स्टेशन झालं, जुना किल्ला झाला.

"आता बाजार! काजू घेतल्याशिवाय मापुतोतून कुणी जात नाही, आजी. जो जातो त्याची बोट बुडते."

"मग लवकर घे बाबा," बजाबुलिले म्हणाली. चार दिवसांत तिचा तो पहिला विनोद. नॉन्कोसीला जरा बरं वाटलं.

बाजारात काजूवाली डब्याने माप घालत होती. तिने मान वर केली आणि डबा हातातून सुटला. ती ओरडली नाही. पाठीमागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि खांद्यावरचं फडकं तोंडात कोंबलं. शेजारच्या मासेवालीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला. मग पलीकडची, मग तिच्याही पलीकडची. एकेक गाळा गप्प होत गेला. भर दुपारी, भर बाजारात माश्यांची भणभण ऐकू येऊ लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "फ्लोरिंडा."

"काय म्हणतायत या?" नॉन्कोसीने विचारलं.

झेफानियासचं तोंड उतरलं होतं. "ताई, चला इथून."

उत्तर दिलं ते आईने. "म्हणतायत, परवा तर हिला मातीत ठेवलं आपण."

"तुला ही भाषा कळते?"

"मांगुझीला माझी आई चुलीपाशी हीच बोलायची. बाप दारात आला की झुलू." मांगुझी म्हणजे आईचं गाव, मोझांबिकच्या सीमेला अगदी खेटून.

"आई, बोटीवर चल. आत्ताच्या आत्ता."

"बोट पाचला सुटते. मला त्या बाईच्या घरी जायचंय."

एकदा बजाबुलिलेने ठरवलं की देवानेही मधे पडायची सोय नसे. काजूवाली वाट दाखवायला तयार झाली, पण रिक्षात बसेना. वीस पावलं पुढे चालायची, वळून बघायची, आणि प्रत्येक वेळी आणखी भरभर चालायची.

घर पत्र्याचं होतं. अंगणात चटयांवर काळ्या कपड्यातल्या बाया बसल्या होत्या. बजाबुलिले फाटकातून आत शिरली तशी एका बाईने पुढची राख मुठीत घेऊन तिच्यावर फेकली. एक दणकट पुरुष उठला आणि दाराआड जाऊन उभा राहिला. खुर्चीवर फोटो ठेवला होता, खुर्चीला त्या बाईची काठी टेकवली होती. नॉन्कोसीने पाहिलं. आईचा चेहरा. तीच किंचित खाली ओढलेली डावी भुवई. डोक्याला पिवळा रुमाल.

मिनेन्हलेने तिचं कोपर घट्ट धरलं. "मम्मी, हीच. हीच होती डेकवर."

कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज आला. "कोण आलंय? सगळ्या गप्प का झालात?" नव्वदीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांनी आंधळी मार्ता. बजाबुलिले जाऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. म्हातारीने तिचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, ओठ. मग हात डाव्या कानामागे गेला आणि तिथेच थांबला.

"ही फ्लोरिंडा नाही. हिच्या कानामागे चामखीळ आहे. ही तिकडे राहिलेली." तिने तोंड आभाळाकडे केलं. "मी तुझी मावशी गं. तुझ्या आईची धाकटी बहीण."

मग ती बोलत राहिली, आणि झेफानियास खालच्या आवाजात नॉन्कोसीला सांगत राहिला.

"तुम्ही दोघी जुळ्या. त्या वर्षी पावसाचा थेंब नव्हता. तुझ्या बापाची आई म्हणाली, जुळ्यांनी आभाळ बांधलंय, एक ठेवा, एक पुरा. मी पंचवीस वर्षांची होते. टोपलीत खाली पोर ठेवली, वर कसाव्याचे कंद, आणि चालत सीमा ओलांडली. तुझ्या आईने मला शपथ घातली, कधी कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"फ्लोरिंडा कधी गेली, मावशी?" बजाबुलिलेने विचारलं.

"शुक्रवारी. चार वाजता."

नॉन्कोसीला कठड्याशी मटकन बसलेली आई आठवली.

"जाताना काही बोलली?"

"बोलली ना. म्हणाली, ती पाण्यावरून यायला निघालीय, पण मला तेवढा वेळ नाही. मीच जाते तिला आणायला." म्हातारीने बजाबुलिलेचं मनगट पकडलं. "ऐक. जुळ्यातली एक गेली की जिवंत असते तिने आधी त्या खड्ड्यात निजून उठायचं असतं. मग मेलेली तिला मागत नाही. आता खड्डा बुजवला. तरी जा. वर नीज."

"आई, तू दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतेस!" नॉन्कोसी कळवळून म्हणाली.

"मग देवही येईल की बरोबर. त्याला काय रिक्षात जागा लागते?"

दफनभूमीत अडीचचं ऊन होतं. लाल वाळूचा ताजा ढीग, वर कोमेजलेली फुलं. बजाबुलिलेने चपला काढल्या आणि कुशीवर निजली, गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीला लावून. तिचे ओठ हलू लागले. पुटपुट ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने ओठ मिटले. पुटपुट थांबली नाही.

नॉन्कोसीने लेकीचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. झेफानियास पाठ करून उभा होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आवाज बंद झाला आणि आई उठून बसली. गालाला लाल वाळू चिकटली होती. ती मापुतोच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"भूक लागलीय म्हणतायत," झेफानियास म्हणाला.

फ्लोरिंडाच्या घरी परतल्यावर तिने भात आणि तळलेल्या माशाचे तीन तुकडे खाल्ले. जन्मात मासा तोंडाला लावला नव्हता तिने. पाण्यातला साप म्हणायची. भातात मीठ कमी पडलं तशी उठली, आत गेली, आणि चुलीमागच्या कोनाड्यातून, पिठाच्या डब्याआडून मिठाची बाटली काढून आली. कुणी सांगितलं नव्हतं. ते पाहून फ्लोरिंडाची मुलगी हमसून हमसून रडायला लागली. दाराआडचा तो पुरुष, तिचा भाऊ, बाहेर आला आणि बजाबुलिलेच्या पायांशी बसला. डिसेंबरात सगळ्यांनी मांगुझीला यायचं ठरलं.

साडेचारला त्या बोटीवर चढल्या. दुसरा सबंध दिवस समुद्रावर गेला. बजाबुलिले नातीबरोबर नाचली, ताट भरभरून जेवली, अनोळखी लोकांशी हसली. "आजी दहा वर्षांनी तरुण झाल्या," शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली. मिनेन्हलेला डेकवर पुन्हा कुणी दिसलं नाही. आई आता चालताना उजवा पाय जरा ओढते आहे, हे नॉन्कोसी बघत होती आणि बोलत नव्हती.

गुरुवारी सकाळी डर्बन. बंदराबाहेर निघायला गाड्यांची रांग लागली होती. मिनेन्हले मागे झोपलेली. नॉन्कोसीला राहवेना.

"आई, लहानपणी मला घरात काय हाक मारायचीस तू?"

आई समोर बघत राहिली. मग हसली. "माथांगा. भोपळी. दीड वर्षाची होईपर्यंत चालली नाहीस, नुसती बसून असायचीस भोपळ्यासारखी."

नॉन्कोसीने रोखलेला श्वास सोडला. रांग थोडी पुढे सरकली.

"आणि मला?" आईने विचारलं.

"काय मला?"

"मला काय म्हणायचे?"

नॉन्कोसीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "बजाबुलिले," ती म्हणाली. "बजाबुलिले म्हणायचे."

आईने ते नाव दोनदा सावकाश उच्चारून पाहिलं, दुकानात कुणी नवं कापड अंगाला लावून बघावं तसं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "चल, निघ. मागचा भोंगा वाजवतोय."