म्हशीचं निमित्त

शिवगंगानं बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा भावजय म्हणाली, "आता हे काय नवीन?" पण ती हटली नाही. कुटुंब समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. दुसऱ्या वर्षी खरी जोडपी समोर बसायची आणि शिकवणाऱ्या मेहमुदा मॅडम कोपऱ्यात खुर्ची टाकून ऐकायच्या.

तिच्या वाट्याला पहिलं जोडपं आलं ते गडमुडशिंगी गावचं. कृष्णात आणि तानाबाई, दोघं साठीच्या घरातली. एका छपराखाली राहून आठ महिने एकमेकांशी चकार शब्द बोलली नव्हती. शेवटी सुनेनंच त्यांना राजारामपुरीतल्या समुपदेशन केंद्रावर आणून सोडलं.

"म्हस इकली ह्यांनी," तानाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "लेकरागत वाढवलेली. मी जोतिबाला गेलतो, आलो तर दावं मोकळं. एका शब्दानं इचारलं न्हाय."

कृष्णात गुडघ्यावरची टोपी नीट करत राहिले.

"मग तुम्ही का नाही विचारलंत, का विकली म्हणून?" शिवगंगाच्या तोंडून निघून गेलं. आवाज असा चढला की तानाबाई दचकल्या. "आठ महिने वाट बघत बसलात! माणूस हातचा जाईपर्यंत बसणार होता काय?"

मेहमुदा मॅडम पुढं झाल्या. तानाबाईंना पाणी दिलं आणि दोघांना पुढच्या बुधवारी या म्हणाल्या.

दोघं गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "शिवगंगा, तो प्रश्न तानाबाईंना नव्हता. कुणाला होता?"

शिवगंगानं टेबलाची कड चाचपली. मग एकदाचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, रुद्राप्पानं, धारवाडला बदली मागून घेतली. ऑर्डर हातात पडल्यावर घरी सांगितलं. आपल्याला विचारलं नाही तर आपण तरी का थांबवायचं, म्हणून तो निघाला तेव्हा ती खिडकीतच उभी राहिली. तो बोळाच्या तोंडाशी थांबला होता. बॅग या हातातून त्या हातात घेतली. तिच्या ओठावर हाक आली होती. ती मारली नाही. मग ना भांडण, ना काडीमोड. आधी सणावाराला यायचा, पुढं नातेवाइकांच्या लग्नात दिसायचा, तेवढंच.

"अजून राग आहे?"

"राग कधीच गेला, मॅडम. भाकरीचा वरचा पापुद्रा काढून ते माझ्या ताटात टाकायचे. रोज जेवायला बसलं की आठवतं."

मॅडम म्हणाल्या, "हे विसर असं मी सांगणार नाही. पण स्वतःचं ओझं समोरच्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं नाही."

बुधवारी शिवगंगानं आधी तानाबाईंची माफी मागितली. मग कृष्णातांकडं वळून, हळू आवाजात, म्हशीचं विचारलं. म्हातारा खाकरला.

"हिचं गुडघं गेल्यात. धार काढाय बसली की उठता येईना, भिंत धरून उठायची. इचारलं असतं तर ही व्हय म्हणली नसती की. मला बघवंना, म्हणून इकली."

"आन् हे सांगाय आठ म्हैनं लागलं?" तानाबाई कडाडल्या, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. कृष्णातांनी आपली खुर्ची ओढत त्यांच्या खुर्चीला भिडवली.

दोघं गेल्यावर शिवगंगा केंद्राच्या पायरीवर आली. दुपारचे दोन वाजले होते. तिनं धारवाडचा नंबर लावला.

"गंगा?" पलीकडून रुद्राप्पा म्हणाला. मग त्यानं कानडीत विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का.

"न्हाय अजून. एक विचारायचं होतं. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी थांबला होता तुम्ही. मी हाक मारली असती तर?"

पलीकडं कुणीतरी फाइली आपटत होतं.

"मागं फिरलो असतो," तो म्हणाला. "त्यासाठीच थांबलो होतो."

ती पायरीवर बसली.

"मग आता हाक मारते. येता काय?"

"आता अकरा वर्षं झाली, गंगा," तो म्हणाला. "बघतो."

फोन ठेवल्यावरही तो शब्द तिच्या कानात होता. समोरच्यानं 'बघतो' म्हटलं की त्याला होकार समजू नये, हे तिला आता अभ्यासातून पक्कं ठाऊक झालं होतं. तरी घरी जाताना ती वाटेत थांबली आणि ज्वारीचं पीठ रोजच्यापेक्षा जास्त घेतलं.