मारुती गल्लीचा ॲडमिन

"तुम्ही ॲडमिन आहात ना, नाना?" भूपेंद्रने मोबाइल टेबलावर सरकवत विचारलं.

झिपरूने मान हलवली. पालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायच्या-बंद करायच्या कामाला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात चार ठेकेदार बदलले. कुठल्याच कागदावर त्याला पद नव्हतं. गल्लीच्या ग्रुपवर मात्र नावापुढे 'ॲडमिन' असं हिरव्या अक्षरांत यायचं.

मोबाइलवर गढूळ पाण्याच्या बाटलीचा फोटो होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे ठेकेदाराला पाजा.'

"मी नही टाकं ते," झिपरू म्हणाला. "कामिनीनी टाकं."

"पण ॲडमिन कोण?"

"मी."

"मग झालं तर. नाना, मी काही तुमच्या वाईटावर नाही. सगळ्या कंत्राटी माणसांकडून हा कागद घ्यायचाय."

भूपेंद्र ठेकेदाराचा सुपरवायझर. वय पोराएवढं, बोलणं गोड. कागदावर मथळा होता, 'समाजमाध्यमांच्या जबाबदार वापराबाबत हमीपत्र'. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं, की पाणी सोडण्याची वेळ कुटुंबीयांसह कोणालाही, कोणत्याही माध्यमातून कळवणार नाही.

"आपल्या कंपनीचं पेज आहे. माहिती तिथून जाईल. तुम्ही ग्रुप बंद करा. एक तारखेला नवीन यादी जातेय."

यादी म्हणजे पुढच्या अकरा महिन्यांचं काम. झिपरूने सही केली.

ग्रुप त्याच्या मुलीने, मेघाने, लग्नाआधी करून दिला होता. मारुती गल्लीला आठव्या दिवशी पाणी, तेही पाऊण तास. 'आज नऊ ते पावणेदहा,' एवढंच तो टाकायचा. सकाळची फुलं नाहीत, सुविचार नाहीत. त्यावरून बाया शेतात कधी जायचं ते ठरवायच्या. शेवटच्या घरातल्या सुंदरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी तो तेच फोनमध्ये बोलून पाठवायचा.

ग्रुप मोडायचा तर आधी एकेकाला काढावं लागतं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. एकशे सत्त्याऐंशी जण होते. नावं त्याने नळावरून ठेवलेली : कामिनी कोपरा, भागाबाई गळका नळ, दिपमाला वरचा मजला. ओट्यावर बसून तो एकेक नाव दाबून धरत होता. शेजारी त्याची बायको लताबाई डाळ निवडत होती.

"मना बी नंबर काढतस का?"

"बठ्ठास्ले काढनं पडस." एकालाही ठेवून चालत नव्हतं.

"आन पानी उनं ते?"

"वेळ पेजवर ई."

लताबाईने डाळीतला खडा गल्लीत टाकला.

पाण्याच्या दिवशी पहाटेच पंपाची वीज गेली. सहाची पाळी घसरत पावणेअकरावर आली. झिपरू चावी घेऊन व्हॉल्व्हपाशी पोचला तेव्हा भूपेंद्र मोटारसायकल लावून उभाच होता.

"गल्लीमा कोणी नही शे," झिपरू म्हणाला. "बठ्ठा कापूस येचाले गयात."

"टाकतो ना पेजवर. साहेबांनी मजकूर पाहिला की लगेच टाकतो. तुम्ही चावी धरा. अशी. जरा हसा, नाना."

झिपरू हसला. भूपेंद्रने फोटो काढला.

पाणी आलं. बहुतेक नळांना तोट्या नव्हत्याच. बंद दारांपुढून पाणी गटारीत पडू लागलं. एका जागी कुणी बादली विसरून गेलं होतं, ती भरून वाहत राहिली. झिपरूच्या खिशात फोन होता. लताबाई दोन किलोमीटरवर पाटलांच्या वावरात होती; एका फोनवर चार-सहा जणी धावत आल्या असत्या. त्याने दोनदा खिशाला हात लावला. भूपेंद्र समोर होता, आणि तो नसता तरी सही होती. साडेअकराला त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

फोटो संध्याकाळी पेजवर आला. 'शहरात आज सुरळीत पाणीपुरवठा.' तो पाहूनच पाणी येऊन गेल्याचं गल्लीला कळलं. शेतातून परतलेल्या बाया झिपरूच्या ओट्यापुढे जमल्या. डोक्याला अजून फडकी होती, हातात हंडे.

कामिनीने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "फोटोमा ते चांगला हसी राहिनात, नाना."

झिपरू उभा राहिला.

"एक हाक मारी देता, ते काय जातं तुमनं?" दिपमाला म्हणाली.

"सही लिधी त्यास्नी," तो म्हणाला. "घरमा बी सांगानं नही, असं लिखेल शे."

"घरमा सांगानं नही," भागाबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाली. "आयकं का? आन सोतानं पिंप भरी ठेवं व्हई."

लताबाई तेवढ्यात गल्लीत शिरत होती. कापसाची बोंडं लागून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. तिने भागाबाईचा हात धरला आणि तिला आत नेलं. पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग पुन्हा लावल्याचा.

भागाबाई बाहेर आली. "कोरडं शे," ती म्हणाली. कुणाकडे न बघता तिने आपला हंडा उचलला.

बाया पांगल्या. हायवेच्या कडेला एक हातपंप होता, पाणी मचूळ, पण होतं. लताबाईनेही दोन हंडे घेतले. झिपरूने एक घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ तठे."

हातपंपावर मोठी रांग होती. पुढच्या बायांनी मागे वळून पाहिलं आणि बोलणं थांबवलं. लताबाईने हंडे खाली ठेवले आणि सुंदरबाईच्या मागे, सगळ्यांत शेवटी, उभी राहिली.