शिवांजली घरी आल्याशिवाय

कुणाला तंबाखू लागते, तशी नानासोंना गुन्ह्यांची पुस्तकं लागत. फौजेतून सुभेदार होऊन कुंडलला मळ्यात राहायला आल्यापासून त्यांनी खून, दरोडे, बुडालेली जहाजं, घरातून निघून परत न आलेली माणसं, असं काय काय वाचून काढलं होतं. सगळं खरं. मनानं रचलेल्या गोष्टीला ते हात लावत नसत.

त्यांच्या सुलाबाईंना कीर्तनाचं वेड. एकदा बुवांसमोर बसल्या की वनात सोडलेल्या राणीसाठी, घरातून हाकललेल्या पोरासाठी पदर ओला होईस्तोवर रडायच्या आणि सडा घातलेल्या अंगणासारखा चेहरा घेऊन घरी यायच्या.

म्हणून तर घोटाळा झाला. सुलाबाईंचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचा मोतीबिंदू काढल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं, "वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रडायचं नाही." नानासोंनी तिथल्या तिथं कीर्तन बंद केलं.

"सप्ता चालू आन् मी घरात?" सुलाबाई म्हणाल्या.

"घरात. मी वाचून दाखवतो."

"पोथी?"

"पोथीतबी रडतीस तू. माझं पुस्तक वाचतो. कोरडी माहिती असती. त्यात कोण रडतंय?"

रोज दिवेलागणीला वाचन सुरू झालं आणि नानासोंचं डोकं उठलं. काळा गॉगल लावून बसलेली बाई एक पान सुखानं वाचू देईल तर शपथ.

"ती आय पोलिसात गेली, तवा जेवली हुती का?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"मग काय लिवलंय मेल्यानं?"

शेवटचं प्रकरण शिवांजलीचं होतं. शिंप्याकडनं ब्लाउज आणते म्हणून निघालेली पोरगी घरी आलीच नाही. नानासोंनी ते चौकीवर रिपोर्ट द्यावा तसं वाचलं. "आजतागायत तिचा शोध लागलेला नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "चल, आरती कर. भूक लागली."

"पुढं?"

"पुढं कव्हर हाय."

"आवं, असं कसं? आख्यान अर्धं टाकून आरती करत्यात व्हय? कुटलाबी बुवा राणीला वनात सोडून टाळ खाली ठेवत न्हाई. आधी तिला घरी आणा."

या घरात आरतीशिवाय पान वाढलं जात नसे. नानासोंच्या पोटात कावळे ओरडत होते. आयुष्यात कधी गोष्ट न रचलेला माणूस, पण शेवटी खाकरून म्हणाला, "एसटी आली. ती उतरली. घरी गेली. सर्व ठीक."

"कुटली एसटी?"

"दहिवडीची."

"ब्लाउज?"

"...मिळाला."

"खोटं बोलायला बी येत न्हाई तुमास्नी."

"मग तूच आण तिला घरी," नानासो वैतागून म्हणाले.

सुलाबाई ताठ बसल्या. आवाज आपोआप बुवांच्या चालीवर गेला. "आय दारातच बसलीय. पोरगी पायरी चढली. आयनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला आन् इचारलं, कुटं हुतीस गं एवढी वर्सं?"

त्या थांबल्या.

"सांग की," नानासो म्हणाले.

"ती काय सांगंल?" सुलाबाई हळू म्हणाल्या. "मला न्हाई ठावं."

गॉगलखालून पाणी ओघळलं. नानासो जागचे उठले. "अगं, डोळा. बास कर. यापरास कीर्तनाला सोडलं असतं तर बरं झालं असतं."

"तितं बुवा रडवत्यात, पर घरी आणून सोडत्यात. तुमचं पुस्तक मधीच टाकून जातंय."

नानासोंनी डॉक्टरांनी दिलेला कापूस घेऊन डोळ्याला धक्का न लावता त्यांचा गाल टिपला.

"उद्या देवळात नेतो. मागं बसू."

"उद्या न्हाई. उद्या हेच प्रकरण, पयल्यापास्नं."

"शेवट तोच येणार गं."

"यिऊ दे. पोथी एकदा वाचली म्हणून कोण बांधून ठेवतंय? तिची आय रोज तेच घोकत असंल. आपण दुसऱ्यांदा ऐकलं तर काय बिघडलं?"

"डोळा बिघडंल."

"न्हाई रडत. आता काय येतंय ते ठावं हाय."

नानासोंनी कपाळाला हात लावला. "आन् आरती?"

"तुमीच करा. मला वाकायचं न्हाई."

पुटपुटत ते निरांजनात वात घालू लागले. मागून सुलाबाई म्हणाल्या, "आन् उद्या जरा सुरात वाचा. पोरगी हाय ती, हरवलेली बंदूक न्हाई."