चढावर सांडलेली रिळं

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात, बंद पडलेल्या चित्रपटगृहामागे मी उभी असते. माझ्या कॅरिअरवर लोखंडी पेटी आहे. तिच्यात एकेकाळी चित्रपटाची रिळं असत.

तेव्हा गावात दोन चित्रपटगृहं होती, एक धक्क्यावर आणि एक टेकडीवर. मालक एकच, ओनिशी-सान; 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'जी'. चित्रपटाची प्रतही एकच. खालचा खेळ आधी सुरू होई. तिथे दोन रिळं संपली, की त्यांच्याकडे कामाला असलेली फुमिए ती माझ्या पेटीत घालून टेकडीवर पोचवायची. आम्ही वेळेवर पोचलो की लोक टाळ्या वाजवत. मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच आहेत.

पुढे माझी साखळी निसटू लागली. एकदा उशीर झाला, तेव्हा ओनिशी-सान म्हणाले, "फुमिए, पुन्हा घोळ झाला तर मी मोटरसायकलवाला ठेवीन हं." फुमिए दोन मुलींना एकटीने वाढवत होती; नव्या साखळीला पैसे नव्हते. त्या दिवशी ती माझ्यावर बसलीच नाही. मला हाताने ढकलत घरी घेऊन गेली.

अशातच एका रविवारी कोरियन चित्रपट आला. धक्क्यावरच्या कोरियन कुटुंबांनी तो एका दिवसापुरता मागवला होता. टेकडीवरचे लोक कुरकुरले, "त्यांचं बोलणं कळणार कोणाला?" मग ओनिशी-साननी मूकपटांच्या काळातली रीत पुन्हा काढली. टेकडीवरच्या पडद्याशेजारी उभं राहून जपानीत गोष्ट सांगायला कोरियन बोक्सुन-सानना बोलावलं. त्या बंदरावर कोबीचं तिखट लोणचं विकत, आणि त्यांचा आवाज जहाजाच्या भोंग्यालाही हार जात नसे.

पहिली खेप नीट पोचली. दुसऱ्या खेपेला चढावर साखळी निसटली, मी आडवी झाले आणि रिळांचे दोन्ही डबे गडगडत गेले. त्यांच्यावरची अक्षरं कोरियन. आधीचा कोणता, नंतरचा कोणता? विचारावं तर बोक्सुन-सान वर पडद्यापाशी. फुमिएने अंदाजानेच ते पेटीत ठेवले.

अंदाज चुकला. पडद्यावर एका म्हातारीची अंत्ययात्रा निघाली. लोकांनी डोळे पुसले. रीळ बदललं, तर तीच म्हातारी चुलीपुढे मुलासाठी भात शिजवत बसलेली!

"अहो, मगाशी पोचवलं ना हिला?" मागून एक आजोबा ओरडले. "कोरियात परत येतात वाटतं!"

एकच हशा पिकला. फुमिए दाराशी माझं हँडल धरून उभी होती.

बोक्सुन-साननी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "हसा, हसा," त्या म्हणाल्या. "आई गेल्यावर तुम्हाला ती कधी चुलीपाशी दिसली नाही? या मुलाला दिसतेय. म्हणतेय, आधी हात धू, मग जेवायला बस."

हसू थांबलं. "आमचीसुद्धा हेच म्हणायची," आजोबा पुटपुटले.

खेळ सुटल्यावर ओनिशी-सान आमच्यापाशी आले. "खाली मी हाच चित्रपट पाहिला," ते म्हणाले. "तिथे म्हातारी भात शिजवून मग गेली."

फुमिए कमरेतून वाकली. "चूक माझी आहे. डबे पडले."

"आणि थाप माझी," बोक्सुन-सान मध्ये पडल्या. "काढायचं तर मलाही काढा. लोणचं मात्र घेत जा."

ओनिशी-साननी वाकून माझी सैल साखळी बोटाने हलवून पाहिली. "खाली मला रडू आलं नव्हतं," ते म्हणाले. "फुमिए, उद्या हिला नवी साखळी बसव. पुढच्या महिन्यात आणखी एक कोरियन चित्रपट मागवतोय. त्या डब्यांवर आपले आकडे लिहून घे म्हणजे झालं."

नव्या साखळीवर मी आणखी नऊ वर्षं तो चढ चढले. आता मला गंज चढलाय. मित्रांनो, तुमच्या घरच्या सायकलीला अधूनमधून तेलाचे दोन थेंब देत जा. आणि परक्या भाषेतला चित्रपट लागला, तर कळत नाही म्हणून उठून जाऊ नका. थोडा वेळ बसून राहा. कोणाची तरी आई भात शिजवायला घेईल, आणि मग सगळं कळेल.