आपल्या झेंड्याची इस्त्री

झेंड्यांच्या खोलीत मला सगळे फौजदार म्हणतात. म्हणोत बापडे. एखाद्या देशाचा झेंडा उलटा लागला तर जिथे माफी मागत फिरावं लागतं, तिथे भोळ्या माणसाचं काय काम? पदक समारंभाला निघालेला प्रत्येक झेंडा मी उलटसुलट करून बघतो, आणि तो हाताळणाऱ्या माणसावरही डोळा ठेवतो.

त्या दुपारी माझा डोळा दाजींवर होता.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. जन्मभर लाँड्री चालवली, हात इतका साफ की या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या इस्त्रीकामाला मीच त्यांना चिकटवलं. ताई गेल्यावर त्यांनी पोरीला एकट्याने वाढवलं. पण ती ज्युदो खेळायला घर सोडून दूरच्या केंद्रात गेली, तेव्हा बापलेकीचं बोलणं बंद झालं ते झालंच. मी तिची बाजू घेतली म्हणून तिचे फोन मला येत, आणि दाजींचा घुस्साही माझ्याच वाट्याला येई. जाताना ती बापाला सांगून गेली होती, "या स्पर्धेत सुवर्ण नाही मिळालं तर खेळ सोडून घरी येईन." आज तिची फायनल होती. आणि सकाळी चहा ओतताना दाजी सहज बोलावं तसं बोलले, "हरली तर घरी तरी येईल."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

फायनलला पोचलेल्या दोघींचे झेंडे वर जाणारच असतात. मधल्या, सुवर्णाच्या दांडीवर कुणाचा, एवढंच ठरायचं असतं. म्हणून दोन्ही आधीच इस्त्री करून ठेवायची आमची पद्धत. ज्युदोत कांस्यपदकं दोन, तेव्हा तेही दोन झेंडे. दाजींच्या टेबलापाशी तिन्ही परके झेंडे कडक इस्त्री होऊन तयार होते. आपला नव्हता.

"आपला कुठंय?"

"फळीवर. घडीत आहे."

"आणि इस्त्री?"

"बघू."

बघू म्हणे! वर समोरच्या मुलीचा झेंडा त्यांनी मधल्या दांडीला जोडूनही टाकला होता. "चिमटे सैल वाटले, तपासत होतो," म्हणाले. मी चिमटे ओढून पाहिले. चांगले घट्ट होते. इथे पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं. बाप असा वागेल का? का नाही वागणार? ऐन वेळी घाई झाली, इस्त्री जास्त तापली, झेंडा करपला, असा कांगावा करायला कितीसा वेळ लागतो? सख्ख्या पोरीचा झेंडा चुरगळलेला नाहीतर डागाळलेला वर चढवायचा या माणसाचा डाव आहे, याबद्दल माझी खात्रीच पटली. संताप आला मला.

लढत सुरू झाली तसे दाजी टीव्ही बघायला बाहेरच्या बोळात गेले. मी फळीवरून आपला झेंडा काढला, वाफेची इस्त्री लावली आणि स्वतः बसलो. शिवण आतून दाबली, कोपरे ओढून घेतले. औषधाला सुरकुती ठेवली नाही. आता करा म्हटलं काय करायचं ते.

दाजी घाम पुसत आत आले. "बरोबरीत आहे. जादा वेळ दिलाय..." आणि टेबलाकडे बघून तिथेच थांबले. जवळ जाऊन त्यांनी झेंड्याला हात लावला. अजून गरम होता.

"हे कुणी केलं?"

"मी. तुम्ही करणार नव्हताच ना."

"फौजदार, अरे काय करून बसलास! या स्पर्धांत जेव्हा जेव्हा मी आपला झेंडा आधी इस्त्री केला, तेव्हा तेव्हा आपला माणूस हरलाय. निकाल लागला की दोन मिनिटांत करणार होतो मी. म्हणून तर मधल्या दांडीवर त्यांचा अडकवला. शाळेत असताना स्पर्धेच्या दिवशी पोरीचा पोशाख कधी इस्त्री केला नाही. लाँड्रीवाल्याची पोर अन् कपडे बघा, म्हणून लोक हसायचे. ती नाही हसायची. तिचाही विश्वास आहे यावर."

"आणि सकाळी म्हणालात ते? हरली तर घरी येईल?"

"जिंकेल असं तोंडाने म्हणतं का कुणी?"

एरवी मी खो खो हसलो असतो. कापडाच्या घडीवर लढती ठरत नाहीत, हे मला कळतं. तेवढ्यात बाहेर जल्लोष उसळला, आणि तो आपल्या लोकांचा नव्हता. मधल्या दांडीचं काम आधीच झालेलं होतं. आपला झेंडा दाजींनी बाजूच्या दांडीला जोडला.

समारंभ आटोपल्यावर ती आमच्या खोलीत आली. रौप्यपदक मुठीत दाबलेलं. माझ्याकडे न बघता ती सरळ बापासमोर उभी राहिली. किती वर्षांनी दोघं समोरासमोर आली होती!

"झेंडा बघितला मी," ती म्हणाली. "एक सुरकुती नव्हती. कुणी केली इस्त्री?"

मी तोंड उघडणार, तोच दाजी म्हणाले, "मी."

का म्हणाले ते मला त्याच क्षणी कळलं. हक्काने फोन करायला तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मामाही तिच्या मनातून उतरला असता तर पोरीने जायचं कुणाकडे?

"आधीच केली होती?"

दाजींनी हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे तुम्हाला हेच हवं होतं."

"अगं नाही!" मी ओरडलोच. "खोटं बोलतायत ते. मी केली इस्त्री. त्यांच्या मागे, चोरून. मला त्यांचा संशय आला म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेने.

"मामा, तू कशाला त्यांच्यावर पांघरूण घालतोस?"

मग तिने पदक खिशात टाकलं, बॅग खांद्याला लावली आणि बापाला म्हणाली, "चला. हरले की घरी येईन म्हणाले होते ना? येते."

दाजी जागचे हललेच नाहीत.