वाटेची वाट

डोंगरावरून परतणाऱ्या आम्हा बहीणभावाला चौकीदाराने फाटकातच अडवलं. "वाटेची पार वाट लावलीत तुम्ही मोटारसायकलवाल्यांनी! हातभर रुंद होती, आता ट्रक जाईल. उद्यापासून सगळ्यांना बंद."

"सगळ्यांना का?" मी हेल्मेट काढलं. "मी काय केलंय?"

"तुम्ही सगळे सारखेच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुचाकीचं गॅरेज चालवते. गाडी परत देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, की वाटेत डबकं लागलं तर वेग कमी करा आणि मधून जा. कडेने गेलात तर गवत मरतं, आणि मागून येणारा आणखी कडेने जातो.

"सारखे? मग आमचे कपडे बघा." मी नखशिखान्त चिखलाने माखले होते. दादा मात्र लग्नाला निघाल्यासारखा चकाचक होता. "वर चार डबकी आहेत. मी चारही मधून पार केली. हा कोरडा कसा राहिला, ते विचारा त्याला. अडवायचं तर कोरड्यांना अडवा. मी उद्याही येणार!"

"अगं, घरच्या माणसावर उलटतेस?" दादा पुटपुटला.

"वाट घरची नाही, दादा."

चौकीदाराने माझ्यासाठी साखळी सोडली. मग खोलीतून फावडं आणून दादापुढे धरलं. "कडेच्या चाकोऱ्या बुजवून या."

"आत्ता? माझे बूट खराब होतील."

"सकाळीच व्हायला हवे होते," मी म्हणाले.