गोडाचा कंटाळा

तारामतीने झाऱ्यातला गोळा कढईच्या काठावर निथळू दिला आणि तसाच नेऊन त्रिवेणीच्या तोंडासमोर धरला.

“बघ गं, फोटोतल्यासारखा झाला का?”

त्रिवेणी दिलसुखनगरच्या एका साड्यांच्या दुकानात बिलं करायची. निघायच्या घाईत तिने फोटोही उघडला नाही आणि गोळ्याकडेही नीट पाहिलं नाही.

“झालाय की, आत्याबाई.”

“न बघताच?”

सून चपला घालून जिना उतरली. तारामतीने गोळा परातीत टाकला. गव्हाचं पीठ, गूळ, बडीशेप घालून केलेले तिचे गुलगुले अख्ख्या अंबरपेठेत नावाजलेले. आज तिने गव्हाऐवजी मैदा घेतला होता, गुळाऐवजी साखर घेतली होती, बडीशेपेला तर हातही लावला नव्हता. तरी कढईतून बाहेर आला तो गुलगुलाच. पीठ बदललं तरी हात कुठून बदलणार?

शिवराजचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. शिवराज तिचा एकुलता एक मुलगा, त्रिवेणीचा नवरा. शारजात इमारतींच्या सळया बांधायचं काम करायचा. गेल्या वैशाखात तिकडेच गेला. हृदय बंद पडलं, असं कंपनीने कळवलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला पेटीतून घरी पाठवलं. पेटी उघडल्यावर तारामती आधी म्हणाली होती की हा माझा नव्हे, याची गालफडं बघा. मग हातावरचं गोंदण दिसलं आणि ती खाली बसली. मेलेला माणूस असाच दिसतो, असं सगळ्यांनी तिला समजावलं.

दहाव्याला मुसी नदीच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, झाडावर हारीने बसले होते. बापाने, एकनाथरावांनी, हात जोडून सांगितलं, सुनेला लेकीसारखी सांभाळू. चुलत्याने देगलूरकडची जमीन विकणार नाही म्हणून शब्द दिला. कावळे ढिम्म. मग बायकांनी त्रिवेणीला पुढे ढकललं. तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर पडला नाही. तारामती तिच्या शेजारीच, खांद्याला खांदा लावून उभी होती. उन्हं कलली तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि सगळे घरी आले.

दर्भाच्या कावळ्याने शास्त्र भागतं, आईचं भागत नाही. पोराचा जीव कशात अडकला हे तिला वर्षभर कळलं नाही, आणि बायको असून हिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही, हा काटा मात्र मनात रुतून बसला. तो ती दिवसातून एकदा तरी सुनेला टोचायचीच. कधी भाजीत मीठ कमी पडल्याचं निमित्त करून, कधी काहीच निमित्त नसताना.

मग दोनेक महिन्यांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी रमजानातल्या हलीमची भट्टी लागली आणि तिला एकदम आठवलं. गेल्या साली याच दिवसांत, ही भट्टी धडधडत असायची तेव्हा, शिवराजचा रोज संध्याकाळी फोन यायचा. “आई, इथं एक चीज मिळते, लुगैमात म्हणतात. पिठाचे तळलेले गोळे, वरून खजुराचा पाक. अगदी तुझ्या गुलगुल्यासारखे. रोज खातो.” एकदा फोटोही धाडला होता. कधी म्हणायचा, “रांगेत उभा आहे आई, नंतर बोलतो.” नुसत्या गोडासाठी रांगा! तारामतीने गल्लीभर सांगितलं होतं, माझ्या पोराला तिकडे रोज गोड असतं, लोक रांगा लावून घेतात. पुढे त्याच्या बोलण्यातून ते गोड गेलं, तेव्हा तिनेच विचारलं, “आता खात नाहीस का रे?” तो हसला. “गोडाचा कंटाळा आला, आई.” त्यानंतर थोड्याच आठवड्यांत जो फोन आला तो कंपनीचा होता.

कंटाळा कसला? मिळालं नसेल, म्हणून रुसला असेल. लहानपणापासून असाच. हवं ते मिळालं नाही की मला नकोच होतं म्हणायचा. जीव त्यातच राहिला, तारामतीचं ठरून गेलं. वर्षश्राद्धाच्या पानावर लुगैमात पडलं की पोरगं सुटलं.

पण आणायचं कुठून? पुतण्या विकी कुकटपल्लीहून एक खोकं घेऊन आला. आत गुलाबी साखर थापलेली कडी.

“काकू, एकदम फॉरेनचं आहे.”

“मधोमध भोक पाडून ठेवलंय मेल्यांनी,” तारामती म्हणाली. “शिवा काय त्यातून बघणार आहे मला?”

विकीने मग मोबाईलवर शोधलं. कुणी म्हणे हा पदार्थ मूळ बगदादचा, कुणी म्हणे तुर्कस्तानचा, कुणी त्याच्याही पलीकडे ग्रीसला नेऊन सोडलं. पदार्थाचं मूळ शोधता शोधता पोरगा बसल्या जागी चार देश फिरून आला, तारामतीच्या हाती एक घास लागला नाही. शेवटी देवळातून आणणाऱ्या रिक्षावाल्याला तिने सहज फोटो दाखवला, तर तो म्हणाला, “अम्मा, ये तो हमारे बारकस में बनता.” काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्रिवेणीच्या सुट्टीच्या दिवशी तिने रिक्षा ठरवली. त्रिवेणी दारातच अडून उभी राहिली.

“राहू द्या ना, आत्याबाई. गुलगुलेच ठेवू. ते त्यांना आवडायचे.”

“तुला नसेल यायचं तर मी एकटी जाते.”

त्रिवेणी आली. वाटभर बाहेर बघत राहिली.

बारकस म्हणजे निजामाच्या फौजेतल्या अरबांची जुनी वस्ती. लुंगी नेसलेले पुरुष उंबऱ्यांवर बसलेले, हॉटेलांतून मटणाच्या भाताचा वास. रिक्षावाल्याने त्यांना सालेम चाऊस नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानापुढे उतरवलं. चाऊस आधी नाहीच म्हणाला. रमजान संपून महिना होत आला, आता हे कोण खातं? तारामतीने त्याला मुलाचं सांगितलं. त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा त्रिवेणीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

“आटा फूलने कू टाइम लगता, अम्मा. बैठो.”

दुपार उतरेपर्यंत दोघी बाकावर बसून राहिल्या. मग चाऊसने कढई ठेवली. ओल्या हाताने पीठ उचलायचं, मूठ आवळायची, वर आलेला फुगा चमच्याने तोडून तेलात सोडायचा. तारामती पुढे होऊन बघत होती. तिचं पीठ घट्ट असायचं. हे लोंबत होतं.

“बेटा किधर था?” चाऊसने विचारलं.

“शारजा. ये रोज खाता था. शाम कू. लाइन में ठहर के.” बोलताना तिची मान थोडी ताठ झाली. वर्षभरात ती तशी झाली नव्हती.

चाऊसचा हात कढईवर थांबला.

“रोज? रमजान में?”

“हौ.”

त्याने झाऱ्याने गोळे उलटले. मग आच कमी केली.

“वो दुकान की लाइन नई है, अम्मा. मैं बारा साल उधरीच पकाया. रमजान में मस्जिद के बाजू तंबू लगाते, मज़दूराँ कू खिलाते. चावल, खजूर, ये. सब मज़हब के लोगाँ आते, कोई नई पूछता. जिनों की पगार रुकी रहती, उनो सब से पहले आ के लाइन लगाते. दिन में एक बार वहीच खाना रहता उनका.” तिच्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, “अच्छा खाना रहता, अम्मा. इज़्ज़त से खिलाते.”

तारामतीने बाकाची कड धरली. गल्लीच्या तोंडाची भट्टी तिला दिसत होती. चांद दिसला, दुसऱ्या दिवशी ती भट्टी उठली, फलक निघाला, विटा कुणीतरी हातगाडीवर घालून नेल्या.

“ईद के बाद?”

“ईद के बाद तंबू उठ जाते.”

गोडाचा कंटाळा आला, आई.

चाऊसने गरम गोळे ताटलीत काढले, त्यावर काळा पाक सोडला आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. तिने एक उचलून तोंडात टाकला. वरचं कवच कटकन फुटलं आणि आत काही लागलंच नाही. नुसतं पोकळ. बडीशेप नाही, गूळ नाही, दाताखाली धरायला काही नाही. तिच्या गुलगुल्याशी त्याचं कणाचंही नातं नव्हतं. पाक तिच्या मनगटावरून ओघळला. तिने तो पुसला नाही.

पैसे घ्यायला चाऊस तयार होईना. त्याने डबा बांधून त्रिवेणीच्या हातात दिला.

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. चांद्रायणगुट्ट्याच्या पुलाखाली गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तारामती म्हणाली,

“तुला ठाऊक होतं.”

त्रिवेणीने डबा मांडीवर घट्ट धरला.

“शपथ घातली होती त्यांनी. म्हणायचे, आईला कळलं तर ती ताटावर बसणार नाही. पगार सुटला की पोटभर जेवीन, तोवर तू फक्त तिला कळू देऊ नकोस.” ती थांबली. “त्या दिवशी घाटावर मला तेच बोलायचं होतं. आत्याबाईंना कधीच कळू देणार नाही, एवढंच. पण तुम्ही शेजारी उभ्या होत्या.”

तारामतीला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझं पोर उपाशी होतं आणि मी इथे भात फार झाला म्हणून गाईला घालत होते, हे तू मला सांगितलं नाहीस? मग वाटलं, कुणाला मारायचं? वर्षभर आपण हिला मुकी म्हणून बोललो, मीठ कमी पडलं म्हणून बोललो. आणि ही सगळं गिळून रोज सकाळी दुकानात बिलं करायला जात होती. तिने सुनेच्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. एवढंच तिला जमलं.

“ह्यांना ठाऊक आहे?” तिने विचारलं.

“मामांना? नाही.”

वर्षश्राद्धाला पान गच्चीवर ठेवलं. वरणभात, खीर, वडे, दोन भाज्या, भाकरी. चाऊसने त्या दिवशी सकाळी पुन्हा ताजे गोळे करून रिक्षावाल्याबरोबर धाडले होते, तेही कडेला ठेवले. तारामती भात वाढायला लागली ती वाढतच राहिली.

“अगं, एवढा भात कावळ्याला?” एकनाथराव म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ढीग त्यांनाही दिसला.

“असू द्या.”

समोरच्या टाकीवर कावळे येऊन बसले. बसूनच राहिले. उन्ह कठड्यावर चढत आलं. एकनाथरावांनी पुन्हा हात जोडले, पुन्हा सुनेला सांभाळायचं कबूल केलं. मग ते जिन्याच्या सावलीत जाऊन बसले. तारामतीने त्रिवेणीकडे पाहिलं. त्रिवेणी मान खाली घालून उभी होती, आणि आता तिच्याकडे कबूल करायलाही काही उरलं नव्हतं.

तारामती पानाशी गेली. शारजाचा फोन लागला की आवाज पोचावा म्हणून ती मोठ्याने बोलायची, तशी बोलली.

“शिवा, बारकसला जाऊन खाल्लं बरं का मी तुझं लुगैमात. अगदी माझ्या गुलगुल्यासारखं आहे. तू म्हणालास तस्संच. म्हणून तर रांगा लागतात.”

त्रिवेणीने मान वर केली.

तारामती पानापासून मागे सरून सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली. काही वेळाने टाकीवरून एक कावळा उडाला, कठड्यावर टेकला, दोन उड्या मारून पानाशी आला. दुसरा आला. मग तिसरा.

“शिवला का?” एकनाथराव जिन्यातून धडपडत उठले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पानाच्या दिशेने पाहिलं. “कशाला शिवला गं? मला दिसत नाही.”

तारामती बघत होती. कावळ्यांनी गोळ्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. भाताच्या ढिगात डोळ्यांपर्यंत चोची खुपसून ते खात होते.

“गोडाला,” ती म्हणाली.